घाटमाथा आणि फटफटी

पुणें जिल्ह्याच्या आंबेगांव तालुक्यांत, सह्याद्रीच्या अगदीं कड्यावर, आहुपे नांवाचें एक गांव आहे. गांवाच्या पश्चिमेस जमीन एकाएकीं संपते आणि खोल खालीं मुरबाडकडील कोंकण दिसूं लागतें. पूर्वेस घोड नदीचें खोरें उतरत उतरत डिंभ्यावरून घोडेगांवाकडे जातें. ह्या घोड नदीचा उगम आहुप्याच्याच परिसरांत होतो. ज्या डोंगरांत चाक सर्वांच्या शेवटीं पोंचलें, त्यांतून निघणाऱ्या नदीचें नांव घोड आणि तालुक्याच्या मुख्य ठाण्याचें नांव घोडेगांव असावें, हा योगायोग मौजेचा खरा. पण त्यावर व्युत्पत्तीची इमारत उभारण्याचा आमचा विचार नाहीं. आम्हांस येथें निराळ्याच घोड्याविषयीं लिहावयाचें आहे. त्यास चार पायांऐवजीं दोन चाकें आहेत, तो पेट्रोल पितो, आणि त्याच्या आवाजावरून आपल्या वडीलधाऱ्यांनीं त्याचें नांव फटफटी असें ठेविलें.

राज्यें, लढाया आणि तह ह्यांपलीकडे इतिहास नाहीं असें मानणाऱ्या वाचकास हा विषय हलका वाटेल. परंतु डोंगरी गांवाचा इतिहास राजवाड्यांत घडत नाहीं, तो वाटेवर घडतो. मीठ कोणत्या वाटेनें वर आलें, हिरडा कोणत्या वाटेनें खालीं गेला, आजारी माणूस किती वेळांत वैद्यापर्यंत पोंचला, आणि हें सर्व करणारें वाहन कोणाच्या मालकीचें होतें, ह्या चार प्रश्नांच्या उत्तरांत अशा गांवाचा बहुतेक इतिहास येऊन जातो. त्यांतही चौथा प्रश्न आम्ही सर्वांत महत्त्वाचा समजतों. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, आहुप्यासारख्या गांवच्या एखाद्या तरुणानें स्वतः पारखून, स्वतःच्या नांवावर पहिली मोटारसायकल विकत घेणें, ही दिसावयास क्षुल्लक गोष्ट घाटमाथ्याच्या दोन हजार वर्षांच्या व्यवहारांत नवीन आहे. ती नवीन कशी, आणि नवीन असल्यामुळेंच तींत जोखीम कोणती, हें ह्या लेखांत पाहावयाचें आहे.

आहुप्याच्या उत्तरेस, जुन्नरच्या बाजूस, नाणेघाट आहे. कोंकणांतील बंदरें आणि देशावरील जुन्नर, पैठण हीं नगरें ह्यांस जोडणारा सातवाहनकालीन राजमार्ग तो हाच. तेथील लेण्यांत नागनिकेचा प्रसिद्ध ब्राह्मी लेख असून यज्ञप्रसंगीं दान केलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापणें ह्यांची गणती त्यांत आहे. माथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. जकातीचीं नाणीं त्यांत पडत, असें परंपरा सांगते. इतक्या वैभवाच्या ह्या वाटेवरही चाक मात्र फिरत नव्हतें. डोंगर फोडून केलेली ती वाट पायांसाठीं होती, मग ते पाय माणसाचे असोत वा जनावराचे. नाणेघाटाची ही स्थिति, मग आहुप्याच्या घाटाची गोष्ट विचारावयासच नको. तेथून मुरबाडच्या बाजूस उतरणारी वाट आजही पायवाटच आहे. अशा वाटांनीं कोंकणांतलें मीठ वर येई, देशावरचें धान्य खालीं जाई, आणि ओझें बैलाच्या पाठीवर किंवा माणसाच्या डोक्यावर असे.

ह्या काळीं घाटमाथ्यावरील कुटुंब वाहन म्हणून जर कांहीं निवडीत असेल तर तो बैल. मुरबाड तालुक्यांतील म्हसा येथें पौष महिन्यांत भरणारी गुरांची जत्रा प्रसिद्ध आहे. असल्या जत्रेंत बैल घेणारा माणूस प्रथम जनावराचें तोंड उघडून दांत मोजतो, म्हणजे वय कळतें. मग खूर, खांदा, डोळा पाहतो. मग त्यास चालवून त्याची चाल पाहतो. आणि शेवटीं रुमालाखालीं एकमेकांचीं बोटें धरून भाव ठरतो. शिंगें रंगविलेला, झूल घातलेला बैल पाहून जो भुलला तो फसला, हें लहान पोरासही ठाऊक असे. ही परीक्षा शिकविणारी शाळा कोठें नव्हती. बापाबरोबर जत्रेस जाऊन मुलगा ती शिके. ह्या विद्येचा उल्लेख आम्ही मुद्दाम करून ठेवितों, कारण पुढें तिचें काम पडणार आहे.

चाकाचा प्रवेश झाला तो दुसऱ्याच घाटानें. १८३० सालीं बोरघाटांतून गाडीरस्ता झाला. १८६३ सालीं त्याच घाटांतून आगगाडी वर चढली आणि मुंबई व पुणें हीं रुळांनीं जोडलीं गेलीं. ही गोष्ट इंग्रजी राजवटीच्या पराक्रमांत नेहमीं मोजली जाते, आणि ती तशी होतीही. पण तिची दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते. जेव्हां एका घाटास चाक मिळतें, तेव्हां शेजारच्या सर्व घाटांचें महत्त्व उतरतें. व्यापारी माल गाड्यांच्या व रुळांच्या वाटेकडे वळला, आणि पायांच्या वाटा हळूहळू केवळ त्या त्या गांवच्या माणसांपुरत्या उरल्या. वाहनानें आपली वाट निवडिली. घाटमाथ्यास कोणीं विचारलें नाहीं.

बोरघाटाच्या गाडीरस्त्यानंतर शंभर वर्षांनीं ह्याच तालुक्याच्या एका पुत्राचें नांव मोटारीच्या इतिहासांत रक्तानें लिहिलें गेलें. महाळुंगे पडवळचे बाबू गेनू मुंबईस गिरणी कामगार होते. १९३० सालच्या १२ डिसेंबर रोजीं परदेशी कापड वाहून नेणारी मोटार अडविण्यासाठीं ते काळबादेवीच्या भागांत तिच्यापुढें आडवे झाले, आणि ती मोटार त्यांच्या अंगावरून गेली. आंबेगांव तालुक्याच्या स्मृतींत यांत्रिक वाहनाची पहिली मोठी आठवण ही अशी आहे: चाकावर सत्ता दुसऱ्याची, आणि चाकाखालीं माणूस आपला. पुढें डिंभे येथें घोड नदीवर धरण झालें, त्याच्या जलाशयास हुतात्मा बाबू गेनू सागर असें नांव दिलें गेलें. त्या पाण्याखालीं मूळचें आंबेगांव, ज्यावरून तालुक्याचें नांव पडलें तें गांवच, गेलें. आहुप्यास जाणारी सडक आज त्या पाण्याच्या कडेकडेनें वळसे घेत जाते.

स्वातंत्र्यानंतर चाकाचें एक सौम्य रूप डोंगरांत आलें. १ जून १९४८ रोजीं पुणें आणि अहमदनगर ह्यांमध्यें सरकारी प्रवासी वाहतुकीची पहिली गाडी धांवली. तीच ही एस. टी. तिनें महाराष्ट्राच्या खेड्यांवर जे उपकार केले ते मोजतां येणार नाहींत. शाळेंत जाणारीं पोरें, माहेरवाशिणी, भाजीच्या पाट्या आणि दवाखान्यास निघालेलीं माणसें हीं सर्व तिच्या पोटांत मावलीं. ३० जुलै १९१४ नव्हे, तर परवांच्या २०१४ सालच्या ३० जुलैस, आहुप्याच्याच खोऱ्यांतील माळीण गांवावर पहाटे डोंगर कोसळला आणि दीडशेंहून अधिक माणसें गाडलीं गेलीं, तेव्हां गांव जागेवर नाहीं हें प्रथम ध्यानांत आलें तें एस. टी.च्या चालकाच्या. नेहमींच्या वळणावर नेहमींचीं घरें दिसेनात, म्हणून त्यानें वार्ता बाहेर पोंचविली. सार्वजनिक वाहन केवळ माणसें नेत नाहीं, तें गांवाची विचारपूसही करितें, ह्याचें ह्याहून विदारक उदाहरण मिळणें कठीण. तथापि एस. टी.चें वेळापत्रक गांव ठरवीत नाहीं. रात्रीं बाळंतीण अडली किंवा शेतांत कोणास विंचू-सर्प डसला, तर सकाळच्या गाडीचा कांहीं उपयोग नसतो. तेथें पूर्वीं डोली हाच उपाय होता, आणि डोलीस चार खांदे व पुष्कळ तास लागत.

आतां फटफटीकडे वळूं. १८८५ सालीं जर्मनींत डाइमलर व माइबाख ह्यांनीं लांकडी सांगाड्यावर पेट्रोलचें इंजिन बसवून दुचाकी चालविली, तेथपासून ह्या वाहनाची वंशावळ सांगतात. आपल्या देशांत पहिलीं कांहीं दशकें तें साहेबाचें, लष्कराचें आणि हौशी श्रीमंताचें वाहन राहिलें. देशी उत्पादनाचा आरंभ स्वातंत्र्यानंतरचा. १९५५ सालीं मद्रासेस एन्फिल्डची बुलेट तयार होऊं लागली; १९६१ च्या सुमारास म्हैसूरच्या कारखान्यांतून जावा निघूं लागली; १९६२ सालीं पोलंडमधील एका गाडीच्या धर्तीवर राजदूत आली. पुणें जिल्ह्यानें मात्र प्रथम निराळाच मार्ग धरिला. आकुर्डीस बजाज ह्यांनीं इटलींतील पियाजिओ कंपनीच्या परवान्यानें व्हेस्पा स्कूटर काढिली आणि १९७२ सालीं तिलाच राणा प्रतापाच्या घोड्याचें चेतक हें नांव दिलें. त्याच वर्षीं फिरोदियांच्या कायनेटिक कंपनीची लूना आली. सायकलींचें शहर म्हणून ज्या पुण्याचा लौकिक, तें शहर एका पिढींत इंजिनाच्या दुचाकीवर बसलें.

परंतु ह्या काळाविषयीं बोलतांना एक गोष्ट विसरतां कामा नये. गाड्या होत्या, पण निवड नव्हती. कोणत्या कारखान्यानें किती गाड्या काढाव्या हें सरकारी परवाना ठरवी. मागणी त्याच्या कितीतरी पट असे. चेतकसाठीं नांव नोंदवून गिऱ्हाईक दहा दहा वर्षें वाट पाहात बसे. मुलगा शाळेंत असतां नोंदविलेली गाडी त्याच्या लग्नाच्या सुमारास मिळे, असें लोक विनोदानें म्हणत, आणि तो विनोद सत्यापासून फार दूर नव्हता. ज्यास थांबणें शक्य नसे तो छापील किंमतीवर वरकड पैसे देऊन दुसऱ्याच्या नांवची गाडी घेई. अशा बाजारांत दांत मोजणें, चाल पाहणें ह्या बैलबाजारच्या विद्येस जागाच उरली नाहीं. जें मिळेल तें घ्यावें आणि नशीब समजावें, अशी स्थिति होती. शिवाय चेतकचीं चाकें लहान. शहरच्या डांबरी रस्त्यावर तीं शोभत, पण चिखलाच्या चाकोरींत, दगडगोट्यांत आणि तीव्र चढावर मोठ्या चाकाच्या गाडीचें काम तिला जमत नसे. म्हणून सपाटीवरील दूधवाला राजदूतकडे वळला, आणि डोंगराळ भागांत पुढें बजाजचीच एम-८० ही साधी, हलकी, वाटेल तें ओझें नेणारी गाडी लोकप्रिय झाली.

स्थिति पालटली ती १९८० नंतरच्या दशकांत. जपानी कंपन्यांशीं सहकार्य करण्यास सरकारनें मोकळीक दिली. १९८४ ते १९८६ ह्या अवघ्या तीन वर्षांत इंड-सुझुकी, हिरो होंडा, यामाहा आणि कावासाकी बजाज ह्या शंभर सीसीच्या मोटारसायकली एकामागून एक बाजारांत आल्या. त्यांपैकीं हिरो होंडाची सीडी १०० ही चार फेरी इंजिनाची असल्यामुळें तिच्या पेट्रोलांत तेल मिसळावें लागत नसे, आणि एका लिटरांत ती जें अंतर काटी तें पूर्वींच्या गाड्यांच्या मालकांस खरें वाटत नसे. खेड्यांतील गिऱ्हाईकास हाच गुण सर्वांत मोठा, कारण त्याच्या दारीं पेट्रोलचा पंप नसतो. १९९१ सालच्या औद्योगिक धोरणानें परवान्यांचें बंधन बहुतांशीं गेलें. २००१ सालीं बजाजनें पल्सर काढिली, ती चाकणच्या कारखान्यांत. १६६० सालीं फिरंगोजी नरसाळ्यानें शाइस्तेखानाच्या फौजेविरुद्ध ज्या गांवचा किल्ला लढविला, तें चाकण आतां मोटारींचें व दुचाकींचें माहेर झालें आहे. आणि तें आहुप्याहून घोडेगांव, मंचर, खेड ह्या वाटेनें पुण्यास जातांना वाटेवरच लागतें.

सारांश, नाणेघाटापासून एस. टी.पर्यंत घाटमाथ्यावरून किंवा घाटमाथ्याजवळून जीं मोठीं वाहनें गेलीं त्यांची निवड दुसऱ्यांनीं केली. बैल हा एकच अपवाद. आणि बैलानंतर, मधला मोठा काळ सोडून, निवड पुन्हां घरांत आली ती मोटारसायकलीच्या रूपानें. म्हणून पहिल्या गाडीची निवड ही बैलाच्या परीक्षेसारखीच गंभीरपणें झाली पाहिजे, असें आम्हांस वाटतें. दुर्दैवानें पुष्कळदां तसें होत नाहीं. रंगविलेल्या शिंगांस न भुलणाऱ्या बापाचा मुलगा रंगविलेल्या टाकीस भुलतो.

घाटमाथ्याची वाट स्वतःच परीक्षेचे नियम सांगते. सडकेस वळणें फार, चढउतार तीव्र, पावसाळ्यांत धुकें दाट आणि दरडींची भीति. अशा ठिकाणीं इंजिनाच्या आंकड्यापेक्षां गाडी हलकी असणें अधिक मोलाचें. चिखलांत कललेली गाडी एकट्या माणसास उचलतां आली पाहिजे, आणि थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीस टेंकले पाहिजेत. तळ जमिनीपासून पुरेसा उंच हवा, नाहींतर पहिलाच दगड इंजिनास लागेल. वेगापेक्षां खालच्या गियरमधील ओढ महत्त्वाची, कारण मागें माणूस आणि पुढें पोतें घेऊन चढावयाचें असतें. उतरतांना इंजिन बंद करून पेट्रोल वांचविणारे शहाणे पुष्कळ भेटतात. ते पेट्रोलाचे चार थेंब वांचवितात आणि इंजिनाचा अडसर गमावून सर्व भार ब्रेकवर टाकितात. चढतांना जो गियर लागतो त्याच गियरांत उतरावें, हा घाटाचा जुना नियम आहे. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील नव्या गाड्यांस चाक जाम न होऊं देणारी ब्रेकची व्यवस्था, व त्याखालील गाड्यांस दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी व्यवस्था सक्तीची झाली, ही ओल्या घाटांत मोठीच सोय आहे. आणि शेवटचा नियम: ज्या गाडीचा सुटा भाग घोडेगांवास किंवा मंचरास मिळत नाहीं व ज्या गाडीचें काम तेथील कारागिरास येत नाहीं, ती कितीही उत्तम असली तरी आपली नव्हे.

जुनी गाडी घ्यावयाची असेल तर बैलबाजारची विद्या अक्षरशः उपयोगीं पडते. येथेंही दांतच मोजावयाचे, पण ते साखळीच्या चक्राचे. ते झिजून अणकुचीदार झाले असतील तर विक्रेता सांगतो त्याहून गाडी अधिक फिरली आहे. इंजिन थंड असतांना सुरू करून पाहावें. गरम करून ठेविलेलें इंजिन पुष्कळ दोष लपवितें. सरळ रस्त्यावर हात सैल सोडून ती एका बाजूस ओढते कीं काय तें पाहावें, पण हें मोकळ्या जागीं व मंद गतीनें. इंजिनावरील व सांगाड्यावरील आंकडे नोंदणीपुस्तकाशीं ताडून घ्यावे, आणि त्या पुस्तकांत कर्जाचा बोजा नोंदला असेल तर तो उतरल्याचा दाखला हातीं आल्याशिवाय पैसे देऊं नयेत. बैलावर सावकाराचा हक्क असे तेव्हां तो सर्व गांवास ठाऊक असे. गाडीवरचा हक्क कागदांत लपलेला असतो.

येथें आम्ही लेखाच्या मर्मापाशीं आलों. मोटारसायकल हें बहुधा घाटमाथ्यावरील तरुणाचें पहिलें मोठें कर्ज असतें. दुकानांत त्यास किंमत सांगत नाहींत, हप्ता सांगतात. उदाहरणार्थ असें धरूं कीं, ८०,००० रुपये तीन वर्षांसाठीं दर सालीं शेंकडा १० व्याजानें घेतले. हें व्याज जर मूळ रकमेवर शेवटपर्यंत सरसकट धरलें, तर २४,००० रुपये व्याज होऊन महिन्याचा हप्ता सुमारें २,८८९ रुपये पडतो. तेंच व्याज फिटत जाणाऱ्या बाकीवर धरलें, तर हप्ता सुमारें २,५८१ रुपये येतो व एकूण व्याज १३,००० च्या आंत राहतें. दर तोच, शब्द तेच, आणि फरक अकरा हजारांचा. हा प्रश्न जो दुकानांत विचारीत नाहीं तो बैलाचें तोंड न उघडतां दावें हातीं घेतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील कर शेंकडा २८ वरून १८ वर आला, त्यानें किंमत उतरली. पण करांत वांचलेलें व्याजांत जाऊं द्यावयाचें कीं नाहीं, हें गिऱ्हाइकाच्याच हातीं आहे.

ह्याहून खोल अडचण निराळी आहे. घाटमाथ्यावरील महादेव कोळी कुटुंबाचें उत्पन्न महिन्यामहिन्यानें येत नाहीं. भात वर्षांतून एकदां येतें, नाचणी-वरई तशीच. हिरड्याचे पैसे हंगामांत मिळतात. आणि उरलेल्या दिवसांत नारायणगांव, मंचर ह्या बाजूच्या बागायतीवर मजुरी मिळेल ती. हप्ता मात्र दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेस दारांत उभा राहतो. डोंगराचें वर्ष ऋतूंचें आहे, कर्जाचें वर्ष महिन्यांचें. आणि ह्या दोन पंचांगांचा मेळ न घालतां घेतलेली गाडी आषाढांत चालते पण श्रावणांत परत जाते. उलट बाजूही न्यायानें सांगितली पाहिजे. त्याच गाडीवर मजुरीस सकाळीं जाऊन रात्रीं घरीं परततां येतें. हिरडा दारांत येणाऱ्याच्या भावानें न देतां घोडेगांवचा भाव विचारतां येतो. आणि अडलेल्या माणसास डोलीच्या तासांऐवजीं लवकर दवाखान्याच्या वाटेस लावतां येतें. म्हणून आमचा सल्ला गाडी घेऊं नये असा नाहीं. दोन हंगामांचा पैसा आधीं बाजूस ठेवून, लहान कर्जानें, लहान गाडी घ्यावी असा आहे. तिच्याबरोबर डोक्यावरचें शिरस्त्राण घ्यावें आणि परवाना काढावा. त्या दोन गोष्टींस कात्री लावून टाकीवर चित्रें काढून घेणारास घाट क्षमा करीत नाहीं.

बैल काम नसलें तरी वैरण मागे, आणि धनी ती आनंदानें घाली, कारण शेत त्याच्याच पाठीवर उभें असे. गाडीही उभी असतांना हप्ता मागते. तेव्हां तिच्या पाठीवर घरांतील कोणतें काम उभें आहे, हें विकत घेण्यापूर्वीं ठरलें पाहिजे. तें ठरलें असेल तर घाटमाथ्याच्या इतिहासांत हें पहिलेंच यांत्रिक वाहन असेल, ज्याची वाट, वेळ आणि ओझें आहुप्याचें माणूस स्वतः ठरवितें. आणि त्याचा फार अभिमान वाटूं लागला, तर गांवच्या पश्चिमेस जाऊन उभें राहावें. सडक तेथें संपते. गाडी कड्यापाशीं लावावी लागते, आणि पलीकडे मुरबाडास उतरावयाचें तर त्या जुन्या वाटेस अजूनही पायच लागतात.